चाळीस पाहुणे आणि एक चायदानलिक

वाचकाचं पत्र: "आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. आमच्या वस्तीच्या शेजार-केंद्रात सप्टेंबरअखेरच्या आंतरसांस्कृतिक सप्ताहात 'तुर्की संध्याकाळ' करायचं ठरलंय. साधारण चाळीस माणसं येतील. निम्मी जर्मन, बाकी आमच्यासारखी कुठून कुठून आलेली, शिवाय दहाएक मुलं. माझी तुर्की शेजारीण मदतीला तयार आहे, पण लोकांसमोर बोलायला बिचकते. ती इथेच जन्मली. तिचे वडील साठच्या दशकात कारखान्यात कामाला आले होते. समितीने अर्ध्या तासाच्या स्लाइड, डोनर कबाब आणि एक बेली डान्सर असा बेत सुचवला. तो ऐकून शेजारणीचा चेहरा उतरला. हॉल तीन तास मिळणार आहे, स्वयंपाकघर छोटं आहे, चार शेगड्या आहेत. काय करावं?" – एक मराठी शेजारीण

ताई, शेजारणीचा चेहरा उतरला तिथेच तुम्हाला अर्धं उत्तर मिळालं आहे. स्लाइड, डोनर आणि बेली डान्स, तिन्ही रद्द करा. डोनर तुमच्या वस्तीत सगळ्यांनी शंभरदा खाल्लेला आहे, बेली डान्सशी तिच्या घराचा काही संबंध नाही, आणि अर्ध्या तासाच्या स्लाइड पाहून माणसं फक्त घड्याळाकडे बघायला लागतात. त्याऐवजी तिला जे रोज येतं तेच त्या हॉलमध्ये घडू द्या: घरी पाहुणे आल्यावर जे होतं ते. आपल्याकडचा 'मुसाफिर' तुर्कीत 'मिसाफिर' होतो, आणि तिथे त्याचा अर्थ प्रवासी नसून पाहुणा असा आहे. न सांगता दारात उभ्या राहिलेल्याला तर 'तान्र मिसाफिरी', म्हणजे देवाने धाडलेला पाहुणा म्हणतात. हे तीन तास म्हणजे एका तुर्की घरी गेलेली चाळीस माणसं, एवढं मनात धरलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. आणि बिचकणाऱ्या बाईला भाषण करावं लागत नाही, यजमानीण व्हावं लागतं. ते तिला येतं.

समितीची बैठक नंतर घ्या. आधी शेजारणीच्या स्वयंपाकघरात तासभर बसा. "तुर्की संस्कृतीत काय काय असतं?" असं विचारू नका, त्याला कोणाकडेच उत्तर नसतं. "तुमच्या घरी पाहुणे आले की पहिल्यांदा काय करता? आईचं माहेर कुठलं? तिथे काय खातात?" असं विचारा. काळ्या समुद्राकाठच्या रिझेचं घर, आग्नेयेकडच्या आंतेपचं घर आणि मधल्या पठारावरच्या सिवासचं घर ही जेवणात, गाण्यात, नाचात वेगळी आहेत. जर्मनीतल्या तुर्की घरांपैकी बरीच कुर्द आहेत, बरीच अलेवी या वेगळ्या पंथाची आहेत. तिच्या घरी कुर्दी बोलत असतील आणि फलकावर तुम्ही 'तुर्की' एवढंच लिहिलं तर तिला ते खुपेलही. म्हणून फलकावरचे शब्द तिलाच ठरवू द्या. समितीने मध्ये एक शब्दही घालू नये.

तिला 'परदेशी पाहुणी' म्हणून तर उभं करूच नका. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला ३० ऑक्टोबर १९६१ ला, आणि भरती १९७३ च्या नोव्हेंबरात थांबली. तिच्या वडिलांसारखे लोक या काळात आले. म्हणजे तिचं घर त्या गावात कार्यक्रमाला येणाऱ्या निम्म्या माणसांपेक्षा जुनं असेल. ती तयार असेल तर वडिलांचे त्या काळातले दोन-तीन फोटो मोठे करून चहाच्या टेबलाशेजारी ठेवा, खाली नुसतं गावाचं नाव आणि साल. लोक चहा घेताना आपणहून विचारतील, आणि दोघातिघांशी बोलायला ती बिचकणार नाही.

आता दारापासून सुरुवात करू. दारात एकाने कोलोन्याची बाटली घेऊन उभं राहायचं. कोलोन्या म्हणजे लिंबाच्या वासाचं, ८० टक्के अल्कोहोलचं सुगंधी पाणी. तुर्की घरात पाहुण्याच्या ओंजळीत ते ओततात, मग त्याने हात चोळायचे. आपल्याकडच्या अत्तर-गुलाबपाण्याच्या जागी ते आहे असं म्हणा. ओतण्याआधी "चालेल ना?" विचारावं, कोणाच्या हाताला चीर असली तर चुरचुरतं. मुलांना दोन थेंबच, आणि डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगा. मेणबत्त्यांजवळ बाटली नको, ते पेटतं. मग एक गोळी किंवा चॉकलेट. याच दारात दोन वाक्यं शिकवून टाका. यजमान म्हणतो "होश गेल्दिनिझ", पाहुण्याने म्हणायचं "होश बुल्दुक". आनंदाने आलात, आनंदाने भेटलो. चाळीस जणांनी चाळीसदा म्हटलं की ते पाठच होतं आणि हॉलमध्ये पाऊल टाकतानाच सगळ्यांची जीभ सैल झालेली असते.

चहा हा या संध्याकाळचा कणा आहे, आणि गडबडही बहुतेक वेळा इथेच होते. तुर्की चहाला दुहेरी किटली लागते, तिला 'चायदानलिक' म्हणतात: खाली मोठ्या भांड्यात साधं पाणी, वर छोट्या भांड्यात, म्हणजे 'देमलिक'मध्ये, दाट चहा. या दाट चहाला 'देम' म्हणतात. फारसीतला 'दम'च तो, आपल्या दम बिर्याणीतला. खालचं पाणी खळखळ उकळलं की वरच्या भांड्यातल्या कोरड्या पत्तीवर ते ओतायचं, खालचं भांडं पुन्हा भरायचं आणि मंद आचेवर १५ मिनिटं तसंच ठेवायचं. वरच्या भांड्याला थेट आच लागू द्यायची नाही, वाफेवरच ते मुरतं. थेट शेगडीवर ठेवलेला देम कडू होतो, आणि "तुर्की चहा फार कडक बुवा" हा शेरा यातूनच येतो. ग्लासात पाव ते एक तृतीयांश देम, वर उकळतं पाणी. दूध नाही. रंग उजेडात धरल्यावर लालभडक, आरपार दिसणारा हवा. त्या रंगाला 'तावशान कान' म्हणतात, म्हणजे सशाचं रक्त. पाणी जड असेल तर रंग मळकट येतो आणि वर तवंग धरतो, तेव्हा फिल्टरच्या जगमधलं पाणी वापरा.

चाळीस माणसांना दोन-दोन ग्लास म्हणजे ८० ग्लास. कमरेत बारीक असा तो तुर्की ग्लास साधारण १०० मिलीचा असतो. हिशेब असा: अडीच लिटर देम, त्याला १२० ग्रॅम पत्ती, आणि सहा लिटर उकळतं पाणी. घरची चायदानलिक एका खेपेला दहा-बारा ग्लास देते, तेव्हा तेवढ्यावर भागणार नाही. केंद्राकडे दहा लिटरचं विजेवरचं पाणी तापवायचं भांडं बहुधा असतं. खालच्या भांड्याचं काम त्याच्याकडे द्या. देम दीड लिटरच्या दोन देमलिकांत करा, पण एकदम नाही. अर्ध्या-पाऊण तासाने देम उतरतो, चव तुरट होते. पहिली दीड लिटर लोक यायच्या २० मिनिटं आधी, उरलेली तासाभराने. ग्लास कडकडीत गरम असतो, त्याला कान नाही. वरची कड दोन बोटांनी धरायची आणि काठोकाठ भरायचा नाही, हे दाखवून द्या. थंड ग्लासात एकदम उकळतं पाणी ओतलं तर तडकतो, म्हणून आधी कोमट पाण्याने विसळा. बशीत साखरेचे दोन चौकोन आणि छोटा चमचा. आणखी एक बारकी गोष्ट फार उपयोगी आहे: ग्लासावर चमचा आडवा ठेवला की "आता पुरे". हे सांगितलं नाहीत तर यजमानीण भरतच राहील आणि पाहुणे संकोचाने पीतच राहतील. चहासाठी एक माणूस पूर्ण वेळ नेमा. शेजारणीला तिथे अडकवू नका.

तुर्की कॉफीचा मोह मात्र आवरा. एका जेझवेत, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, तीन कप होतात आणि त्याला पाच-सहा मिनिटं लागतात. चाळीस कपांना सव्वा तास जाईल. हवी तर शेवटी सहा जणांसाठी करून दाखवा. कपाला ६५ मिली थंड पाणी, ७ ग्रॅम पिठासारखी बारीक दळलेली कॉफी, साखर हवी असेल तर आधीच, सगळं एकत्र ढवळून मंद आचेवर. फेस वर चढू लागला की तो चमच्याने प्रत्येक कपात वाटून घ्यायचा, मग उरलेली ओतायची. उकळी फुटली की फेस गेला, आणि फेस नसलेली कॉफी तुर्की माणूस पाहुण्यासमोर ठेवत नाही. कपात दोन मिनिटं गाळ बसू द्या. 'एका कप कॉफीची आठवण चाळीस वर्षं राहते' अशी त्यांच्याकडे म्हण आहे.

खायला काय? आमचं मत 'कसर'. बारीक दलियाची ही थंड, आंबट-तिखट कोशिंबीर म्हणा ना. शाकाहारी आहे, दूध-तुपाशिवाय होते, आधी करून ठेवता येते, शेगडी फार लागत नाही. आणि तिच्यामागे एक गोष्ट आहे जी तुम्ही जर्मन मंडळींना उत्तम सांगू शकाल. तुर्कस्तानात बायका महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमतात, प्रत्येक जण ठरलेली सोन्याची छोटी नाणी किंवा पैसे आणते, ते सगळं त्या दिवशीच्या यजमानणीला मिळतं. नाव 'आल्तन ग्युन्यु', सोन्याचा दिवस. म्हणजे आपली भिशीच. आणि त्या दिवशी टेबलावर कसर नसला तर चुकल्यासारखं वाटतं.

चाळीस जणांना वाटीभर कसर होण्यासाठी एक किलो बारीक बुलगुर, म्हणजे उकडून वाळवलेल्या गव्हाचा दलिया, घ्या. पाकिटावर 'क्योफ्तेलिक' लिहिलेला. 'पिलावलक' लिहिलेला जाडा असतो, तो नुसत्या गरम पाण्यात शिजत नाही, दाताखाली येतो. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बुलगुरावर सव्वा लिटरपेक्षा थोडं कमी, पण उकळतं पाणी ओतून झाकण ठेवा, २० मिनिटांनी हाताने मोकळा करा. पाणी जास्त झालं तर लगदा होतो आणि तो सुधारत नाही. कमी पडलं तर चमच्याने वाढवता येतं, तेव्हा हात आखडताच ठेवा. तीन कांदे बारीक चिरून २०० मिली ऑलिव्ह तेलात परता, त्यात १५० ग्रॅम 'साल्चा', म्हणजे घट्ट पेस्ट, टोमॅटोची आणि लाल मिरचीची अर्धी अर्धी, घालून दोन मिनिटं परता म्हणजे तिचा कच्चा वास जातो. हे गरम असतानाच बुलगुरात हाताने मळा. गार झाल्यावरच चार जुड्या पार्सली, दोन जुड्या पातीचा कांदा, मूठभर पुदिना, चार लिंबांचा रस, मीठ आणि डाळिंबाचा आंबट काढा आठ चमचे. पाला गरम असताना घातला तर काळा पडतो. काढ्याची बाटली नीट वाचून घ्या: 'नार एक्शिसी' म्हणजे नुसता आटवलेला डाळिंबाचा रस. 'नार एक्शिली सोस' म्हणजे साखरेच्या पाकात आंबटपणा घातलेलं काहीतरी. तासभर मुरवा, सॅलडच्या पानावर वाढा. ही मापं शेजारणीच्या हाताला पटली नाहीत तर तिचीच धरा, प्रत्येक घरचा कसर वेगळा असतो.

सोबत ताक हवंच. त्याला आयरान म्हणतात, समप्रमाणात दही आणि थंड पाणी, लिटरला चमचाभर मीठ, फेस येईपर्यंत घुसळलेलं. जिरं-कोथिंबीर घालायची इच्छा झाली तरी घालू नका. गोड विकत आणा. बकलावा, म्हणजे सुक्या मेव्याची पापुद्र्यांची मिठाई, आणि लोकुम, म्हणजे टर्किश डिलाइट. लोकुम स्टार्चचा असतो, त्यात जिलेटिन नसतं, म्हणून मुसलमान आणि शाकाहारी दोघांनाही चालतो. मुलांसाठी कोणी अस्वलाच्या आकाराच्या जेली आणल्या तर पाकीट तपासा, त्यांत बरेचदा डुकराचं जिलेटिन असतं. दारू ठेवायची का हे यजमानणीला विचारा आणि ती म्हणेल ते अंतिम. प्रत्येक पदार्थापुढे गहू, अक्रोड, पिस्ता, दूध यांची चिठ्ठी लावा. खाऊन झाल्यावर म्हणायचं "एलिनिझे सालक", तुमच्या हातांना आरोग्य लाभो. उत्तर येतं "आफियेत ओल्सुन". आपण "हाताला चव आहे" म्हणतो, ते हाताला दुवा देतात. हे वाक्य पाहुण्यांकडून नक्की म्हणवून घ्या. स्वयंपाक केलेल्या बाईसाठी त्या संध्याकाळचं तेच खरं मोल असतं.

भाषेला २० मिनिटं द्या, पण व्याकरण नको. जर्मन पाहुण्यांना सांगा की त्यांचा 'योगुर्ट' तुर्की 'योउर्त' आहे, 'किओस्क' हा तुर्की 'क्योश्क' आहे, आणि दुभाष्याला ते ज्या शब्दाने हाक मारतात तो 'डोल्मेचर'सुद्धा मुळात तुर्की कुळातला. तुम्ही मराठीतून भर घालू शकता: दुकान, साबण, हवा, खबर, मैदान, जवाब, तराजू. हे तुर्कीतही थोड्या फरकाने तेच आहेत, कारण दोन्हीकडे फारसी-अरबीतून आले. कैची आणि तोफ मात्र खास तुर्कीच. आणि तोफेवरून आठवलं, १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, आता विजापुरात असलेली मलिक-ए-मैदान घडवणारा मुहम्मद बिन हुसेन 'रूमी' म्हणवला जाई, म्हणजे ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या मुलखातला. एवढंच बोला आणि थांबा. दर वाक्याला "हे तर आमच्याकडेही असतं" आलं की यजमानणीची संध्याकाळ तुमची होऊन जाते.

त्यापेक्षा महत्त्वाची आहेत नावं. १९२८ च्या नोव्हेंबरात तुर्कीने लॅटिन लिपी घेतली, २९ अक्षरांची, आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे वाचतात. पण जर्मन वाचक 'सी' अक्षर पाहून 'क' किंवा 'त्स' म्हणतो, तुर्कीत त्याचा उच्चार 'ज' आहे. खाली शेपटी असली तर 'च'. 'एस'ला शेपटी असली तर 'श'. 'जी'वर चंद्रकोर असली तर ते अक्षर उच्चारायचं नाही, आधीचा स्वर लांबवायचा. जर्मनीत जन्मलेल्या कित्येक जेम आणि चिइदेमनी शाळेत आयुष्यभर चुकीची हाक ऐकली आहे. एका कागदावर ही चार अक्षरं, वस्तीतली दहा नावं आणि सगळ्यांनी मोठ्याने वाचायचं. त्यासोबत हाकेची रीतही सांगा: नावानंतर बाईला 'हानम', पुरुषाला 'बेय', जवळिकीत 'आब्ला' म्हणजे ताई आणि 'आबी' म्हणजे दादा. आडनावाने हाक मारणं त्यांच्या कानाला परकं वाटतं.

मुलांसाठी काराग्योझ करा. पडद्यामागच्या सावल्यांचा हा खेळ बुर्सा शहराशी जोडलेला आहे, त्याची चित्रं उंटाच्या कातड्याची, साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरची असतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या नाचवतात, ते पाहिलेल्याला लगेच कळेल. कातडं कुठून आणणार? काळा जाड कागद कापा, कपड्यांच्या जागी खिडक्या पाडून मागून रंगीत जिलेटिन पेपर चिकटवा, पोटाशी काडी आडवी, पडद्याशी काटकोनात लावा. उभी लावली तर तिची सावली पडते. पांढरी चादर ताणून बांधा. सुरकुती राहिली की चित्र मोडतं. दिवा मागून आणि खालून, बाहुली चादरीला टेकलेली. बाहुली चादरीपासून लांब असली की नुसता धूसर डाग दिसतो. संवाद दोनच पात्रांत: अडाणी पण तिखट काराग्योझ आणि जड शब्द बोलणारा हाजिवात. हाजिवात अवघड जर्मन बोलेल, काराग्योझ ते चुकीचं ऐकेल. मुलं स्वतःच पुढचं रचतात.

नाच शेवटी, आणि त्याचं नाव 'हालाय'. करंगळीत करंगळी अडकवून, खांद्याला खांदा लावून रांग. उजव्या टोकाचा पुढारी रुमाल फिरवतो. त्या जागी शेजारणीचा मुलगा, भाची, कोणीही लग्नांत नाचलेलं माणूस चालेल. संथ चालीवर पाच मिनिटं पावलं बसू द्या, मग लय वाढवा. दावुल आणि झुर्ना, म्हणजे तिकडचा ढोल आणि सनई, बोलावू नका. ती मैदानातली वाद्यं, बंद हॉलमध्ये कान फुटतात. खुर्च्या आधीच भिंतीला लावा, सहा बाय आठ मीटर मोकळं हवं. पांढरे झगे घालून गिरक्या घेणारे दरवेश कोणी सुचवले तर नम्रपणे नाही म्हणा. ती मेव्लेवी या सूफी पंथाची उपासना आहे, टाळ्यांसाठीचा कार्यक्रम नव्हे.

राजकारणाचे प्रश्न येतील: अध्यक्ष, डोक्यावरचा रुमाल, कुर्द. त्यांची उत्तरं देणं शेजारणीचं काम नाही, आणि हे तुम्हीच मध्ये पडून म्हणायचं: "आज आपण त्यांच्या घरी पाहुणे आहोत." हे वाक्य आधीच ठरवून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. झेंडे लावायचे का ते तिलाच विचारा. लावलेच तर टेबलावर अंथरू नका, केकवर काढू नका. झेंडा टेबलावर पसरणं तुर्कस्तानच्या ध्वजकायद्यातही बसत नाही. सप्टेंबर सोयीचा आहे, सध्या रमजान त्या सुमाराला येत नाही. पुढे कधी तारीख बदलली तर मात्र पंचांग पाहा, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

आणि समितीला आजच लेखी कळवा की सामानाचे पैसे केंद्र देईल, चिरायला-मळायला दुपारी दोनपासून तीन माणसं येतील, भांडी दुसरे तीन जण घासतील. "ती इतकं छान करते" असं म्हणत चाळीस जणांचा स्वयंपाक एका बाईवर टाकला जातो, आणि मग पुढच्या वर्षी ती फोन उचलत नाही. तिच्या घरची पातेली, देमलिक, ग्लास यांची यादी करून ठेवा, दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः घासूनपुसून नेऊन द्या. पातेलं रिकामं परत द्यायचं नसतं हे तिच्या घरीही ठाऊक असणार. घरी केलेला चिवडा असेल तर तो घाला.